चैत्र-वैशाखात डोंगरावर काय घालावे? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

एप्रिल-मे म्हणजे पुण्यात घामाच्या धारा, आणि नेमक्या याच दिवसांत घरोघरी हिमालयासाठी सॅक भरल्या जातात. झेलम एक्सप्रेसच्या डब्यात पंख्याखाली घामेजून बसलेला माणूस चार-पाच दिवसांत बर्फावर उभा असतो. या अंकासाठी आलेल्या बहुतेक पत्रांत एकच काळजी आहे: थंडी किती असेल? आमचे म्हणणे असे की वसंतातल्या डोंगरावर थंडीपेक्षा ओल जास्त त्रास देते. घामाची ओल, पावसाची, गारांची, वितळत्या बर्फाची. खालची उत्तरे वाचताना हे ध्यानात ठेवावे.

आम्ही पाच जण मेच्या पहिल्या आठवड्यात सर पासला जाणार आहोत. एक जण सांगतो चार स्वेटर न्या, दुसरा म्हणतो टी-शर्टवर सगळा ट्रेक झाला. नेमके काय न्यावे? (वाचक, कोथरूड)

दोघेही खरेच सांगतात, फक्त वेगवेगळ्या वेळेचे सांगतात. ट्रेक जिथून सुरू होतो ते हिमाचलातले कसोल साधारण १,५८० मीटरवर आहे आणि सर पासची खिंड ४,२२० मीटरवर. दर हजार मीटरला सरासरी साडेसहा अंश उतरतात असे धरले, तर दोन्हींत सतरा अंशांचा फरक पडतो. कसोलला दुपारी २५ अंश असतील तेव्हा खिंडीत आठच्या आसपास. हे झाले ऊन असताना आणि वारा नसताना. ताशी ३० किलोमीटरचा वारा सुटला की ५ अंश अंगाला शून्यासारखे लागतात आणि शून्य अंश उणे सहासारखे. त्यातून खिंड ओलांडायच्या दिवशी बर्फ कडक असतानाच चालायचे म्हणून पहाटे तीन-चारला निघतात. तेव्हा पारा शून्याखाली असू शकतो. त्याच दिवशी नऊ वाजता ऊन चढले की टी-शर्टवर चालावेसे वाटते आणि दुपारी एकला गारा. एका दिवसात हे सगळे होते, म्हणून जाड स्वेटर उपयोगाचा नाही. पातळ थर हवेत, भराभर चढवता-उतरवता येणारे.

अंगालगत पूर्ण बाह्यांचे पॉलिएस्टरचे किंवा मेरिनो लोकरीचे टी-शर्ट, तीन. दोन चालायला आलटून पालटून, तिसरा फक्त झोपायला. थर्मलचा एक जोड, वर आणि खाली. त्यावर एक पातळ फ्लीस (लोकरीसारखे मऊ कृत्रिम कापड; लेबलवर १०० लिहिलेले असते, ते एका चौरस मीटर कापडाचे ग्रॅममधले वजन) आणि एक २०० चे. मग डाउन (पिसांचे) किंवा कृत्रिम भरणाचे जॅकेट, आणि सगळ्यांवरून पाऊस-वारा अडवणारे टोपीचे जॅकेट व तशीच रेन पँट. ट्रेक पँट दोन. आतले कपडे तीन-चार जोड, तेही सुती नकोत. पातळ मोज्यांचे तीन जोड, जाड लोकरीच्या मोज्यांचे दोन. त्यांतला एक फक्त रात्रीचा. कानटोपी, गळ्याभोवतीचा बफ, उन्हासाठी काठाची टोपी, हातमोज्यांचे दोन जोड. हे सगळे अंगावरचे धरून चार-साडेचार किलोत बसते. याहून जास्त झाले तर चार स्वेटरवाल्या मित्राचे तुम्ही जास्त ऐकले आहे.

आता ते वापरायचे कसे, कारण बहुतेकांची चूक तिथे होते. निघताना किंचित थंडी वाजत असावी. ऊबदार वाटेल इतके घालून निघालात तर दहा मिनिटांत पाठ घामाने भिजते, आणि पुढच्या थांब्यावर तोच घाम बर्फासारखा गार होतो. म्हणून चालू लागल्यावर दहा-पंधरा मिनिटांनी सगळ्यांनी मिळून एकदा थांबावे आणि एक थर उतरवावा. 'वर पोचल्यावर काढू' असे म्हणू नये. याच्या उलट, विश्रांतीला थांबल्याबरोबर, पाणी पिण्याच्याही आधी, जाड जॅकेट अंगावर घ्यावे. अंगातली ऊब टिकवणे सोपे, गेलेली परत आणणे कठीण. यासाठी जाड जॅकेट आणि पावसाळी जॅकेट सॅकमध्ये सर्वांत वर हवेत. गारा सुरू झाल्यावर सॅकचा तळ उपसणारा माणूस रेनकोट सापडेपर्यंत भिजलेला असतो.

खिंडीवरून बिस्केरीच्या मुक्कामाकडे उतरताना बर्फावरून बसून घसरत जातात. घसरण्याआधी रेन पँट चढवा, जॅकेट कमरेखाली ओढून दोरी आवळा, शर्ट आत खोचा. नाहीतर बर्फ पाठीतून आत शिरतो आणि मुक्कामापर्यंत बूड ओले राहते.

सिंहगडला दर रविवारी सुती टी-शर्ट आणि जीन्स घालून जातो, काही होत नाही. हिमालयात सुती कपड्यांचे एवढे वावडे का? (वाचक, धायरी)

सिंहगडावर घाम वाळताना अंग गार होते, ते तिथे हवेच असते. आणि दोन तासांत तुम्ही घरी. हिमालयात हेच गार होणे जिवावर येते. कापसाचा तंतू पाणी स्वतःच्या आत शोषतो, फुगतो आणि कातडीला चिकटतो. मधली हवा, जी खरे म्हणजे ऊब धरते, ती निघून जाते. पाणी हवेपेक्षा सुमारे पंचवीसपट वेगाने उष्णता वाहून नेते. पॉलिएस्टर स्वतःत जवळजवळ पाणी घेतच नाही. ओल धाग्यांच्या फटींत राहते आणि लवकर उडते. लोकर पाणी घेते, पण वजनाच्या तिसऱ्या हिश्शाइतकी ओल घेऊनही हाताला फारशी ओली लागत नाही आणि तंतू कुरळे असल्याने त्यांच्यात हवा टिकून राहते.

जीन्स तर नकोच. कोरडी सहा-सातशे ग्रॅमची, भिजली की सहज दुप्पट, गुडघ्यात वाकत नाही आणि ढगाळ हवेत दोन दिवस वाळत नाही. बनियन आणि अंतर्वस्त्रांकडे लोकांचे दुर्लक्ष होते. वर हजारोंचे जॅकेट आणि आत भिजलेले सुती बनियन, मग थंडी वाजली की दोष जॅकेटला.

ट्रेनमध्ये आणि रात्री तंबूत घालायला एखादा सुती कपडा असला तर बिघडत नाही, कोरडा ठेवता आला तर.

मागच्या वर्षी महागडे वॉटरप्रूफ जॅकेट घेतले. पावसात आतून पूर्ण भिजलो. फसवणूक झाली का? यंदा पोंचो घ्यावा का? (वाचक, औंध)

फसवणूक असेलच असे नाही. आधी तपासा की ते पाणी बाहेरचे होते की तुमचेच.

असे जॅकेट दोन गोष्टींवर चालते. आत एक पातळ पडदा किंवा लेप असतो, तो पाण्याचा थेंब अडवतो पण वाफ जाऊ देतो. आणि बाहेरच्या कापडावर पाणी न धरणारा एक मुलामा असतो, ज्यामुळे थेंब मोत्यासारखे घरंगळतात. हा मुलामा सॅकच्या पट्ट्यांच्या घासण्याने, घामाने, धुळीने मरतो. मग बाहेरचे कापड पाणी पिते, गडद दिसू लागते आणि त्या ओल्या थरातून आतली वाफ बाहेर जाऊ शकत नाही. ती आतल्या बाजूला थेंब होऊन बसते. तुम्हाला वाटते जॅकेट गळाले.

घरी करून बघा: खांद्यावर, कोपरावर आणि पाठीवर चमचाभर पाणी टाका. थेंब गोल राहून ओघळले तर मुलामा ठीक आहे. पसरून डाग पडला तर जॅकेट कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुवा. साधी डिटर्जंट पावडर नको आणि कपडे मऊ करणारे सुगंधी द्रावण तर अजिबात नको, दोन्हींचा अंश कापडावर राहतो आणि तोच पाणी ओढतो. दोनदा खळबळून काढा, सावलीत वाळवा आणि लेबलवर परवानगी असेल तरच वर पातळ कापड धरून अगदी मंद इस्त्री फिरवा. उष्णतेने मुलामा पुन्हा जागा होतो. तरीही पाणी पसरत असेल तर मुलाम्याचा स्प्रे मिळतो, तो मारावा. पण आतला लेप चिकट झाला असेल किंवा त्याचे पांढरे पापुद्रे निघत असतील, तर त्याला उपाय नाही. पुण्याच्या पावसाळ्यात ओलसर जॅकेट घडी करून कपाटात कोंबले की हे हमखास होते, दमट हवेत तो लेप कुजत जातो. जॅकेट नेहमी पूर्ण वाळवून, हँगरला लावून ठेवावे. शिवणींवरची आतली पट्टी सुटली असेल तर तेवढी मात्र शिवणीवर लावायच्या खास गोंदाने दुरुस्त होते.

नवे घेताना लेबलवर १०,००० मिलिमीटरचा आकडा (किती उंच पाण्याच्या स्तंभाचा दाब कापड अडवते, तो) पुरेसा आहे. त्याहून जास्त आकड्यासाठी पैसे घालण्यापेक्षा काखेत चेन असलेले जॅकेट बघा. चढावर ती चेन उघडी ठेवली तर जेवढी वाफ बाहेर पडते तेवढी कोणताही पडदा सोडू शकत नाही. टोपी अशी हवी की मान वळवल्यावर तीही वळेल आणि समोर छोटा छज्जा असेल. माप घेताना आत फ्लीस घालून दोन्ही हात वर करून बघा. पोट उघडे पडले तर जॅकेट लहान आहे.

पोंचो वाईट नाही. जंगलातल्या वाटेवर सरळ पडणाऱ्या पावसात तो सॅकसकट झाकतो आणि खालून हवा खेळती राहते. पण वाऱ्यात तो शिडासारखा फुगतो, पायाखालचे दिसत नाही, आणि बर्फाच्या धारेवर हे धोक्याचे आहे. दोन्ही परवडत असतील तर खालच्या दिवसांना पोंचो, वरच्या दिवसांना जॅकेट. एकच घ्यायचे तर जॅकेट.

सॅकच्या रेनकव्हरवर फार विसंबू नका. पाठीकडची बाजू ते झाकतच नाही, आणि जोराच्या वाऱ्यात उडून जाते. बोहरी आळीत मिळणारी जाड प्लास्टिकची मोठी पिशवी सॅकच्या आत अस्तरासारखी घाला, सगळे कपडे तिच्यात, तोंड पिळून दुमडा. थोडक्या पैशांत होणारा हा उपाय आम्ही पहिल्या क्रमांकावर ठेवू.

थर्मल घालून चालावे की नाही? (वाचक, हडपसर)

पहाटेच्या अंधारात खिंडीकडे निघताना पायात थर्मल चालेल, कारण मांड्यांना घाम कमी येतो. वरचे थर्मल घालून चढू नये. ते झोपायचे. झोपायचा जोड (वरचे थर्मल, मोजे, टोपी) वेगळ्या पिशवीत बांधून ठेवा आणि कोणाला थंडी 'लागली' नसेल तर दिवसा तो पिशवीबाहेर काढू नका. सकाळी ओला टी-शर्ट पुन्हा अंगावर चढवणे नकोसे होते, पण चालू लागल्यावर तो अंगच्या ऊबेने वाळत जातो. कोरडा जोड भिजवलात तर रात्र काढायला काही उरत नाही.

माझ्या ६७ वर्षांच्या आईला मेमध्ये केदारनाथला न्यायचे आहे. ती साडीच नेसते, पंजाबी ड्रेसची सवय नाही. खेचरावरून नेणार आहोत. काय घालू? (वाचक, सहकारनगर)

हा प्रश्न फार महत्त्वाचा आहे, कारण यात्रेला निघालेली माणसे ट्रेकवाल्यांइतकीच उंची गाठतात, पण तयारी देवळात जाण्याची करतात. केदारनाथ ३,५८३ मीटरवर आहे. चढण जिथून सुरू होते ते गौरीकुंड त्याहून सुमारे १,६०० मीटर खाली. म्हणजे एका दिवसात दहा अंशांचा उतार, वर दुपारचा पाऊस किंवा बर्फ.

आधी खेचराबद्दल. चालणाऱ्याच्या अंगात चालण्याने ऊब तयार होते. खेचरावर किंवा डोलीत बसलेला माणूस काही तास स्थिर असतो, पाय लोंबकळतात, समोरून वारा लागतो. त्यामुळे बसून जाणाऱ्याला चालणाऱ्यापेक्षा एक पूर्ण थर जास्त लागतो. घरातली तरुण मंडळी चालत, घामेजून, फक्त शर्टावर असतात आणि 'आई, एवढी काय थंडी नाही' म्हणतात. तसे म्हणू नका.

साडीला आमचा विरोध नाही, सुती परकराला आहे. तो खालून पाणी ओढत गुडघ्यापर्यंत भिजतो आणि पायांना चिकटून राहतो. परकराऐवजी आत थर्मल आणि त्यावर सैल ट्रॅक पँट घालावी, तिच्या नाडीतच साडी खोचता येते. साडी हलक्या सिंथेटिकची, घोट्याच्या चार बोटे वर नेसलेली. खेचरावर टांग टाकून बसायचे असल्याने ही पँट तशीही सोयीची पडते. एखादीला नऊवारीची सवय असेल तर ती उत्तमच, पण सुती नको. ब्लाउजखाली पूर्ण बाह्यांचे थर्मल, वर समोरून उघडणारा स्वेटर (डोक्यातून घालायचा नको, दाटीत काढता येत नाही), त्यावर टोपीचे पावसाळी जॅकेट. शाल मुक्कामाला. वाटेत ती फडफडते, भिजते आणि खोगिरात अडकते.

पायांत चपला नकोत. पकड असलेले बूट, अर्धा नंबर मोठे. जोडवी आणि घट्ट अंगठ्या पुण्यातच उतरवून ठेवाव्यात. उंचीवर हाता-पायांची बोटे सुजतात, जाड मोज्यात जोडवी रुततात आणि बोटाचे रक्त अडले की थंडी आधी तिथे लागते. आईंना हे सांगायला अवघड वाटेल, तरी सांगा. मोज्यांचे तीन जोड तुमच्याच पिशवीत ठेवा, खेचरावर बांधलेल्या सामानात नको. ते सामान कधीकधी तासभर मागून येते.

रक्तदाब, हृदय किंवा दम्याची औषधे चालू असतील तर निघण्यापूर्वी त्यांच्या डॉक्टरांचा सल्ला घ्या आणि गौरीकुंडहून थेट वर नेण्याऐवजी खाली एक रात्र मुक्काम ठेवा. कपड्यांनी उंचीचा त्रास थांबत नाही.

बर्फात बूट भिजले तर दुसऱ्या दिवशी काय करायचे? (वाचक, चिंचवड)

रात्रीच काम सुरू करायचे. आतले तळवे बाहेर काढा, नाड्या पूर्ण सैल करून जीभ बाहेर ओढा, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा आणि तासाभराने बदला. दोनदा-तीनदा बदलले तर सकाळी निम्मी ओल गेलेली असते. शेकोटीजवळ किंवा बुखारीला (खोली तापवायच्या शेगडीला) टेकवून ठेवू नका. तळव्याचा गोंद उष्णतेने सैल होतो आणि पुढच्या दिवशी उतारावर सोल जबडा उघडतो. बूट तंबूबाहेर राहिले तर गोठून लाकूड होतात, म्हणून पिशवीत घालून तंबूत पायांशी घ्या. सकाळी कोरडा पातळ मोजा, त्यावर प्लास्टिकची पातळ पिशवी, मग ओला बूट. पाय घामाने दमट होईल, पण गार पाणी लागणार नाही.

मोजे जास्त घातले की ऊब जास्त, हा समज घातक आहे. दोन जाड मोज्यांनी बूट आवळला की रक्त फिरत नाही आणि बोटे बधिर होतात. बूट घेतानाच जाड मोजा घालून, संध्याकाळी, पाय किंचित सुजलेले असताना माप घ्या; बोटे पुढे टेकवल्यावर टाचेमागे एक बोट शिरले पाहिजे. नवे बूट वेताळ टेकडी किंवा तळजाईवर निदान चाळीस-पन्नास किलोमीटर चालवल्याशिवाय नेऊ नका. आणि चार-पाच वर्षे कपाटात पडलेले जुने चांगले बूट असतील तर ते वाकवून, तळवा ओढून बघा. तळव्यातला फेसाळ थर न वापरताही दमटपणाने ठिसूळ होतो आणि नेमका वाटेत भुगा होतो. पाण्याच्या बाटलीभोवती दोन मीटर कापडी चिकटपट्टी गुंडाळून नेली तर अशा वेळी सोल बांधून दिवस निभावतो.

घोट्यावर गेटर (बुटावरून पोटरीपर्यंत येणारे आवरण) बांधले तर मऊ बर्फ बुटात शिरत नाही. नसतील तर रेन पँट बुटावरून घ्या आणि खाली इलॅस्टिक आवळा.

भाड्याने डाउन जॅकेट घेताना काय बघावे? (वाचक, वारजे)

उजेडासमोर धरा. कप्प्यांत पिसे नसलेल्या मोकळ्या जागा दिसल्या तर नको. गोळा करून मुठीत आवळा, सोडा. मिनिटभरात पुन्हा फुगले पाहिजे. गोळे हाताला लागले तर ते नीट वाळवलेले नाही. चेन पाच-सहा वेळा वर-खाली करा, हातमोजे घालूनही. कुबट वास आला तर परत द्या. आणि एक पक्के समजून घ्या: पिसे भिजली की चपटी होतात आणि जॅकेट निरुपयोगी ठरते. पावसाची शक्यता जास्त असलेल्या दिवसांत, पहिल्यांदाच जाणाऱ्यांनी कृत्रिम भरणाचे घ्यावे असे आमचे स्पष्ट मत आहे. ते थोडे जड असते, पण ओले झाले तरी काही ऊब देते.

लोकरीचे हातमोजे बर्फात लगेच भिजतात. महागडे मोजे परवडत नाहीत. (वाचक, खडकी)

लोकरीचेच ठेवा आणि त्यावर भांडी घासायचे रबरी हातमोजे घाला, दोन नंबर मोठे. दिसायला बरे नाही, पण काम चोख होते. दर तासाला काढून आतला घाम झटका. लहान मुलांच्या हातमोज्यांना दोरी बांधून ती दोन्ही बाह्यांतून ओवा. वाऱ्यात एक मोजा उडाला की दरीत गेला. मुले थंडी वाजतेय असे सांगत नाहीत, ती एकदम गप्प होतात. त्यांची मान आणि पोट अर्ध्या तासाने हाताने चाचपून बघावे.

बर्फावर एका दिवसात चेहरा भाजला, नाकाखालीही! टोपी तर होती. (वाचक, कर्वेनगर)

टोपी वरचे ऊन अडवते. ताजा बर्फ अतिनील किरणांपैकी ऐंशी टक्क्यांपर्यंत परत फेकतो, म्हणजे तुम्हाला खालूनही ऊन लागत होते. शिवाय दर हजार मीटरला हे किरण सुमारे दहा टक्क्यांनी वाढतात, आणि पातळ ढगातूनही येतात. एसपीएफ ५० चे क्रीम, चेहरा आणि गळ्यासाठी दोन बोटांच्या लांबीइतके, निघण्यापूर्वी अर्धा तास आणि मग दर दोन तासांनी. नाकपुड्यांच्या खाली, हनुवटीखाली, कानांमागे विसरू नका.

डोळ्यांचे अधिक गंभीर. गॉगल यूव्ही ४०० (अतिनील किरण अडवणारा) आणि काचेच्या गडदपणाच्या श्रेणी ३ चा हवा, दिवसभर बर्फावर राहायचे तर श्रेणी ४ चा, बाजूंनी झाकलेला. (श्रेणी ४ घालून गाडी चालवू नये.) न घातल्यास सहा ते बारा तासांनी डोळ्यांत वाळू गेल्यासारखे टोचते आणि पाणी वाहते. तेव्हा चोळू नये, अंधारात गार ओली पट्टी ठेवून पडावे. बहुधा एक-दोन दिवसांत उतरते. गॉगल हरवला तर बिस्किटाच्या पुठ्ठ्यात डोळ्यांसमोर आडवी बारीक फट पाडून बांधावी.

मार्चअखेर हरिश्चंद्रगडावर मुक्काम करायचा आहे. सह्याद्रीतही हे सगळे लागते का? (वाचक, नऱ्हे)

नाही. इथे सैल, पूर्ण बाह्यांचा सुती शर्टही चालेल; उन्हापासून आणि काट्यांपासून अंग झाकणे महत्त्वाचे. पण रात्रीचे विसरू नका. पुण्यातच मार्चमध्ये दुपारी ३५-३६ आणि पहाटे १५-१६ अंश असतात. १,४२४ मीटरच्या गडावर, कोकणकड्याच्या वाऱ्यात, दिवसभराच्या घामट शर्टावर झोपणाऱ्याला चांगलीच हुडहुडी भरते. कोरडा टी-शर्ट, एक फ्लीस, विंडचीटर आणि कानटोपी पुरे.

एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर वळीव येतो. गारांपासून डोके वाचवायला सॅक डोक्यावर धरा. विजेपासून मात्र कोणताही कपडा किंवा रबरी तळव्याचा बूट वाचवत नाही. गडगडाट ऐकू आला की कडा, माथा आणि एकटे झाड सोडून खाली यायचे. पाषाणच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने तयार केलेले 'दामिनी' ॲप आसपासच्या विजांची सूचना देते, ते घ्या. पण डोंगरात रेंज जाते हे धरून चला.

अंदाज बघून कपडे कमी करता येतील का? (वाचक, शिवाजीनगर)

तुम्ही सिमला ऑफिसच्या शेजारचे. हवामान खात्याचे मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून तिथेच आले, म्हणून ते नाव. अंदाज जरूर बघा, पण त्यावरून कपडे कमी नका करू, दिवस बदला. वसंतात हिमालयात भूमध्य समुद्राकडून येणारे पश्चिमी विक्षोभ दोन-तीन दिवस पाऊस-बर्फ देतात. त्यांचा अंदाज बऱ्यापैकी आधी येतो. दुपारचे स्थानिक ढग मात्र एखाद्या दरीपुरते असतात. त्यांच्यावर उपाय एकच, खिंड अकराच्या आत ओलांडणे. वर असताना सूर्याभोवती कडे दिसले, किंवा मुक्कामाला न हलता, हवेच्या दाबावरून उंची दाखवणाऱ्या घड्याळातली उंची रात्रीत तीस-चाळीस मीटरने वाढली, तर हवेचा दाब उतरतो आहे. मग रेन पँट सॅकमध्ये न ठेवता अंगावरच असू द्या.

सोबतच्याला थंडी 'लागली' हे ओळखायचे कसे, आणि आधी काय करायचे? (वाचक, बिबवेवाडी)

बटण लावता न येणे, अडखळणे, जड जिभेने बोलणे, उगाच चिडणे, मागे रेंगाळणे. थरथर असेपर्यंत शरीर लढते आहे. माणूस अजून गारच आहे आणि थरथर थांबली, तर स्थिती बिघडली आहे. शरीराच्या आतले तापमान ३५ अंशांखाली गेले की थंडी 'लागण्याची' अवस्था सुरू होते, आणि पावसात भिजून वाऱ्यात उभे राहिल्यास बाहेर ८-१० अंश असतानाही ती येते.

आधी वाऱ्यातून आडोशाला न्या. मग ओले कपडे पूर्ण काढा, आतलेसुद्धा. संकोचाने ओल्यावरच जाकीट चढवतात, ते करू नये. कोरडा रात्रीचा जोड, टोपी, स्लीपिंग बॅग, आणि खाली मॅट किंवा रिकाम्या सॅक, कारण गार जमीन ऊब ओढून घेते. गरम पाण्याची बाटली मोज्यात घालून काखेत आणि जांघेत ठेवा. शुद्ध नीट असेल आणि गिळता येत असेल तरच गरम गोड चहा. हात-पाय चोळू नका, दारू देऊ नका. गुंगी वाटत असेल तर आडवेच ठेवा, हलवावे लागले तर अगदी हळुवार, आणि खाली नेण्यासाठी लगेच मदत मागवा.